शालनवयनींनी शिवलेला पंख

मंगळवार पेठेत राहून 'मी विमानं दुरुस्त करतो' असं सांगणारा माणूस त्या काळी थापाडा समजला जायचा. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सासऱ्यांनी अब्बांना बाजूला घेऊन विचारलं, "पोरगं खरंच काय करतंय?" अब्बा विळ्या-कात्र्यांना धार लावायचे. आमचं आडनावच शिकलगार. ते म्हणाले, "इमानाचे नट आवळतोय." सासरे दुसऱ्या दिवशी सायकल हाणत उजळाईवाडीच्या माळावर आले. मला कोपरापर्यंत ऑइलमध्ये बरबटलेलं बघितलं, विमानाला स्वतः हात लावून बघितला, आणि मगच सुपारी फुटली.

त्या माळावर मुरमाची एक धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर आणि दोन माणसं बसतील एवढी दोन विमानं होती. आमचा फ्लाइंग क्लब म्हणजे एवढाच. कॅप्टन बेहेरे शिकवायचे. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, पुण्याचे, शिस्तीचे. मी मेकॅनिक. विमान उडण्याआधी मी ते तपासायचं, सही करायची, आणि माझ्या सहीवर भरवसा ठेवून माणूस आभाळात जायचा. सही करताना हात कधी सैल पडला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण ते विमान परत खाली टेकेपर्यंत मी दुसऱ्या कामाला हात लावायचो नाही, हेही खरं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, विमान पडतं ते इंजिन बंद पडून. तसं होतंच. पण आमच्या माळावर मला इंजिनापेक्षा पाखरांची भीती जास्त. आधी त्याचंच सांगतो.

नवीन इंजिन बसवलं की चाचणीच्या उड्डाणात मेकॅनिकनं सोबत बसायचं, अशी कॅप्टनसाहेबांची पद्धत होती. ती मला आवडायची. ज्याचं काम त्यानं वर यावं. असेच एकदा आम्ही दोघं वर चढत होतो. समोरून एक घार आली. मी तिला बघितलं, तिनंही आम्हाला बघितलं असावं, कारण ऐन वेळी तिनं पंख मिटले आणि खाली सूर मारला. नेमकी आमच्या वाटेत. बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. समोरची काच फुटून आत आली, वाऱ्याचा लोट तोंडावर आदळला आणि कॅप्टनसाहेबांचा चेहरा रक्तानं भरला. ते त्यांचं होतं की घारीचं, कळेना.

"शिकलगार, मला दिसत नाही," ते ओरडले. "समोरची दांडी धर. सरळ ठेव. ओढू नकोस!"

मी आयुष्यात कधी विमान चालवलं नव्हतं. दोन्ही हातांनी दांडी धरली आणि श्वास रोखून बसलो. साहेब बाहीनं डोळे पुसत राहिले. एक डोळा उघडला तेव्हा त्यांनी दांडी माझ्या हातातून काढून घेतली. काढून घ्यावीच लागली, माझी बोटं सुटेनात. खाली उतरल्यावर त्यांच्या भुवईला टाके पडले आणि मी हँगरमागं जाऊन ओकलो.

घार म्हणजे किलोभर वजनाचा जीव. तिनं एवढं केलं. गिधाड तिच्या पाचपट असतं. आणि गिधाडांना आमच्याकडे तोटा नव्हता, कारण पट्टीच्या पूर्वेला टेकाडापलीकडे एक ओघळ होती आणि आसपासच्या गावांतली मेलेली जनावरं तिथं आणून टाकली जायची. सदूमामा नावाचा एक वयस्क माणूस आणि त्याच्या वस्तीतली चार घरं तिथं कातडी सोडवायची, मीठ लावून वाळवायची आणि चपलांसाठी विकायची. ओघळीला बारमाही पाण्याचा झरा होता, म्हणून ती जागा त्यांना सोयीची. सकाळच्या गारव्यात गिधाडं दगडांवर पंख मिटून बसलेली असायची. ऊन तापलं, जमिनीतून गरम हवा वर जायला लागली की तीही तिच्यावर स्वार होऊन गोल गोल वर चढायची. म्हणून आमचा नियम होता, उडायचं ते ऊन तापायच्या आत, नाहीतर उन्हं कलल्यावर.

हिंदुराव पाटील आमच्याकडे आला तो शिरोळहून, मोटरसायकलवरून, अंगात पांढरा शर्ट आणि पायात करकर वाजणारं पायताण. घरचा ऊस, घरचा ट्रॅक्टर, आणि त्या ट्रॅक्टरसाठी स्वतःच उभं केलेलं वर्कशॉप. वर्षभरात तो विमान चालवायला शिकला. हात चांगला होता त्याचा. परवाना मिळाला त्या दिवशी हँगरमध्ये पेढे वाटता वाटता मला म्हणाला, "शौकतभाई, आता घरात इमान बांदायचं हाय."

मी हसलो. तो हसला नाही.

"परदेशातनं नकाशे मागवल्यात. लाकडाचा सांगाडा, वरनं कापड. इंजिन लिलावात जुनं मिळतंय. दिल्लीची परवानगी काडतो. तुमी फकस्त कुटं चुकतंय तेवडं सांगायचं. आनि गोड बोलायचं न्हाय."

अशी घरी बांधलेली विमानं तोवर मी फक्त मासिकातल्या फोटोत बघितली होती. मी होकार दिला. दर रविवारी एस.टी. पकडून शिरोळला जायला लागलो. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये एका बाजूला नांगराचे फाळ आणि दुसऱ्या बाजूला पंखाच्या लाकडी फासळ्या, असं दोन वर्षं चाललं. मी चुका काढायचो, हिंदुराव शिव्या देत ते तोडायचा आणि परत करायचा.

पंखाला कापड घालायची वेळ आली तेव्हा त्याची बायको पुढं आली. शालनवयनी. गडहिंग्लजकडच्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. गावातल्या बायकांची पोलकी शिवायच्या. मी म्हणालो, "वयनी, हे पोलकं नव्हं."

"दाकवून तर बगा भाई," त्या म्हणाल्या.

काम असं असतं. लाकडी सांगाड्यावर वरून आणि खालून घट्ट विणीचं सुती कापड ताणून बसवायचं. मग लांब सुईनं मेणवलेला दोरा वरून खाली, खालून वर असा प्रत्येक फासळीभोवती घेऊन ठरावीक अंतरावर गाठ मारायची. त्यावर डोप नावाचं रोगण चढवलं की कापड आकसून ढोलासारखं ताठ होतं. ही शिलाई फार महत्त्वाची. पंखाच्या वरच्या बाजूचं कापड उडताना सतत वर ओढलं जात असतं. गाठी सुटल्या तर ते फुगतं, फाटतं, आणि पंख पंख राहत नाही. ट्रॅक्टरचा नट पडला तर ट्रॅक्टर उभा राहतो. विमानाला उभं राहायची सोय नाही.

वयनींनी तीन वेळा शिवलं आणि मी दोनदा उसवायला लावलं. तिसऱ्या वेळेला मी एकेक गाठ अंगठ्यानं दाबून बघितली आणि मला बोलायला जागा राहिली नाही. पंख तपासून सही केली ती मी.

ट्रॉलीतून सगळं माळावर आलं, हँगरमध्ये जोडलं गेलं. कॅप्टनसाहेबांच्या देखरेखीखाली पहाटेच्या शांत हवेत हिंदुरावनं ते बऱ्याचदा उडवलं. प्रत्येक वेळी मी शिलाई तपासली. सगळं ठीक होतं. मग त्याच्या मनात आलं, गावानं बघायला पाहिजे. आणि गावापेक्षा आक्कानं, म्हणजे त्याच्या आईनं. "हे खुळं ल्हानपनापास्नं पत्र्यावरनं उड्या मारतंय," असं ती माउली सगळ्यांना सांगायची.

त्या रविवारी सकाळी सातला उडायचं ठरलं. हिंदुराव आदल्या दिवसापासून माळावरच होता. गावाकडून दोन ट्रॉल्या भरून माणसं निघाली, पण हातकणंगल्याजवळ एका ट्रॅक्टरचं चाक बसलं. माणसं आली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. मी पूर्वेकडं बघितलं. टेकाडावर काळे ठिपके हलत होते.

"कॅप्टनसाहेब, गिधाडं उठली," मी म्हणालो.

साहेबांनीही बघितलं. "पाटील, आता नको. संध्याकाळी उडू."

हिंदुरावचा चेहरा उतरला. "साहेब, आक्का पहाटंपास्नं ट्रॉलीत बसून आलीया. सांजंपातूर हितं उनात बसवू? पट्टीवरनं एक चक्कर मारतो. टेकाडाकडं जात न्हाय, शबूद देतो."

मी नको म्हटलं. परत म्हटलं. साहेबांनी टेकाडाकडं बघितलं, मग आक्काकडं. शेवटी म्हणाले, "एकच. पश्चिमेला वळायचं, पट्टीवर यायचं, उतरायचं."

त्यानं तसंच केलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं लोकांनी त्याला बेफिकीर ठरवलं. तो उठला, पश्चिमेला वळला आणि अगदी सांगितल्याप्रमाणे पट्टीच्या रेषेत उतरायला आला. पण तेवढ्यात गावकऱ्यांना राहवलं नाही. हलगी वाजायला लागली आणि हातात हार घेऊन पन्नासएक माणसं पट्टीवर धावली. विमान समोरून येतंय आणि माणसं त्याच्याकडं पळतायत! मी आणि कॅप्टनसाहेब दोघंही ओरडत त्यांच्या मागं धावलो. हिंदुरावनं इंजिन वाढवलं, माणसांच्या डोक्यावरून विमान काढलं आणि परत वर गेला. तेवढ्या जागेत त्याला दुसरा मार्ग नव्हता. समोर पूर्व होती.

मी माणसांना ढकलत होतो. "मागं व्हा! मागं व्हा!" माझी पाठ टेकाडाकडं होती. कानात इंजिनाचा आवाज होता. मेकॅनिकचा कान सतत तिकडंच असतो. आणि त्या आवाजात एक धप्प असा आवाज मिसळला. मी वळलो तोवर विमानाचा डावा पंख खाली गेला होता, त्यावर कापडाचं एक लक्तर फडफडत होतं. विमान स्वतःभोवती फिरलं, परत एकदा फिरलं, आणि टेकाडाच्या आड गेलं. मग इंजिनाचा आवाज थांबला.

हलगी थोडा वेळ वाजत राहिली. वाजवणाऱ्याला कळलंच नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा हिंदुराव सीटवरच होता. पट्टा बांधलेला, मान एका बाजूला कललेली. कॅप्टनसाहेबांनी नाडी बघितली आणि हात खाली ठेवला. पेट्रोलचा वास येत होता. "बिड्या विझवा!" साहेब गर्दीवर ओरडले. त्यांचा तसा फाटलेला आवाज मी पुन्हा ऐकला नाही. आम्ही हिंदुरावला बाहेर काढलं. आक्का मागून येत होती, दोघा माणसांच्या आधारानं.

आणि तेव्हा कुणीतरी बोललं. मोडलेल्या डाव्या पंखाचं कापड लांबच्या लांब उघडं पडलं होतं, त्याकडं बोट दाखवून बोललं. "बगा की, शिलाई उसवलीया."

एकाचं दुसऱ्यानं ऐकलं. "कुनी शिवलंतं?" "बायकोनंच की." वारा लागलेल्या वणव्यासारखं ते त्या गर्दीत पसरलं. शालनवयनी नवऱ्याच्या डोक्याशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पंखाकडं बघितलं, आणि मग स्वतःच्या हातांकडं. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होतो. माझ्या तोंडातून 'तसं न्हाय' एवढं निघायला हवं होतं. पण तसं नाही हे मला कुठं माहीत होतं? मी पाखरू बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा त्या वेळी पट्टीवरच्या गोंधळाकडं होत्या.

आक्का जवळ आली. लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. मग सुनेकडं बघून एकच म्हणाली, "तुला सांगितलंतं, पोलकी शीव."

चौकशीसाठी मुंबईहून अधिकारी येणार असा निरोप आला. तोवर अवशेष जपणं माझं काम. लोकांनी बरंच काही आठवण म्हणून उचलून नेलं होतं. ते मी आणि पोलिसांनी वस्त्यांवर फिरून गोळा केलं. पण डाव्या पंखाचं बाहेरचं टोक सापडेना. ते जागेवर नव्हतंच. म्हणजे हवेतच तुटून दुसरीकडं कुठंतरी पडलं होतं. ते टोकच सांगणार होतं की आधी काय झालं. शिलाई सुटली असेल तर वयनी दोषी, आणि सही करणारा मीही. रात्रभर अंगठ्याखाली त्या गाठी लागत राहायच्या. एखादी निसटली होती का माझ्याकडून?

शोधत शोधत मी ओघळीत उतरलो. सदूमामा एका कातड्याला मीठ चोळत होता.

"मामा, पंखाचा तुकडा दिसला का कुठं?"

"न्हाय बा."

"परवा तू हितंच होतास. इमान वरनं गेलं तवा पाखरू आडवं आलं का?"

"पावणं, म्या खाली मान घालून काम करनारा मानूस. वर बगाय कुटं सवड हाय?"

पावणं! दहा वर्षांची ओळख आणि मला पावणं म्हणाला. त्याला काहीतरी माहीत होतं आणि तो ते का सांगत नव्हता हेही मला कळत होतं. गिधाडानं विमान पाडलं असं ठरलं तर गिधाडं कुणामुळं येतात, हा पुढचा प्रश्न. मग ती ओघळ जाणार, झरा जाणार, पाच घरांची चूल जाणार. मला रागावता येईना. मी निघालो तेव्हा त्यानं मागून विचारलं, "ती बाई काय म्हनतीया?"

"काय म्हणणार? माणसं तिला नवऱ्याला मारलं म्हणत्यात. तिलाबी आता तसंच वाटाय लागलंय."

सदूमामा परत कातड्यावर वाकला. मीठ चोळत राहिला.

चौकशी अधिकारी पेठेसाहेब आले. शांत, हळू बोलणारे, प्रत्येक तुकडा स्वतः हातात घेऊन बघणारे. हँगरमध्ये त्यांनी सगळे अवशेष विमानाच्या आकारात जमिनीवर मांडून घेतले. डाव्या टोकाची जागा रिकामी राहिली. त्यांनी शालनवयनींना बोलावलं. सोबत आक्का आली. ती दारातच बसली, भिंतीला टेकून, पदर पुढं ओढून.

साहेबांनी लाकडी फासळ्यांचा एक छोटा सांगाडा करून घेतला होता. म्हणाले, "ताई, तुम्ही पंखाला जशी शिलाई घातली होती, तशी यावर घालून दाखवाल?"

आठ-नऊ दिवसांपूर्वी जिच्या कपाळाला कुंकू होतं त्या बाईनं सुई हातात घेतली. हँगरमध्ये कुणी हलत नव्हतं. दोरा मेणातून ओढला जातो त्याचा बारीक आवाज येत होता. शिवून झाल्यावर साहेबांनी कापडाला ओढ मोजायचा ताणकाटा लावला आणि ओढलं. आणखी ओढलं. कापड ताणलं गेलं, गाठी तशाच राहिल्या.

"शिलाई उत्तम आहे," साहेब म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पण ही आज घातलेली आहे, ताई. त्या दिवशीची, तुटलेल्या टोकावरची, मला बघायला मिळाली नाही. ती बघितल्याशिवाय मी काही म्हणू शकत नाही."

ते बरोबरच होतं. वयनींनी मान हलवली आणि सुई डबीत ठेवली.

तेवढ्यात हँगरच्या दारात सदूमामा उभा राहिला. खांद्यावर पोतं. त्याला आत यायला कुणी म्हटलं नाही, आणि तो थांबलाही नाही. सरळ आत आला, त्या रिकाम्या जागेपाशी पोतं ठेवलं आणि उलटं केलं. पंखाचं टोक बाहेर पडलं. त्याच्यासोबत एक गिधाड, मान मोडलेलं, मिठात घोळलेलं. कातडं ठेवावं तसं त्यानं ते पहिल्या दिवसापासून मीठ लावून ठेवलं होतं.

"सायब, म्या बगितलं," तो म्हणाला. "दोन गिधाडं हुती. एक चुकिवलं त्यानं. इमान तिरकं केलं. दुसरं पंख मिटून वरनं आलं, ते डाव्या पंकावर आदळलं. म्या लपिवलं. माजं पोट हाय त्या ओगळीवर." मग वयनींकडं न बघता म्हणाला, "पर त्या दिसापास्नं झोप न्हाय. गिधाडं माज्या दारातली आनि पाप बाईच्या माथ्यावर, हे जमंना."

पेठेसाहेब गुडघ्यांवर बसले. मग मला आणि कॅप्टनसाहेबांना जवळ बोलावलं. पंखाची पुढची लाकडी कड समोरून आत चेपली होती, कुणी घण घातल्यासारखी. फुटलेल्या लाकडात आणि कापडाच्या आतल्या बाजूला पिसं घुसली होती. तिथून कापड फाटत मागं गेलं होतं, दोन फासळ्यांच्या मधून. आणि फासळ्यांवर गाठींच्या रांगा होत्या. साहेबांनी एकेक गाठ चिमट्यानं हलवून बघितली. "सगळ्या जागेवर आहेत," ते म्हणाले. "कापड फाटलंय. शिलाई सुटलेली नाही."

दारातून आक्काचा आवाज आला. "काय म्हनला सायब? परत सांगा."

साहेब उठून तिच्यापाशी गेले, वाकले आणि परत सांगितलं. सावकाश, सोप्या शब्दांत.

"हितं सांगून भागायचं न्हाय," आक्का म्हणाली. "गावात यिऊन सांगा. समद्यांम्होरं सांगा." आणि मग सुनेचा हात धरून उठली. आधारासाठी धरला असेल. पण मग तो सोडला नाही. गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. पेठेसाहेब खरंच शिरोळला आले आणि चावडीसमोर उभं राहून त्यांनी तेच सांगितलं. ते त्यांच्या कामात बसत नव्हतं.

सदूमामाला जी भीती होती ते सगळं झालं. ओघळीत जनावरं टाकायला बंदी आली. नवी जागा दिली ती लांब, उघड्या माळावर, जिथं कातडं धुवायला घोटभर पाणी नव्हतं. मी आणि कॅप्टनसाहेबांनी पाण्यासाठी अर्ज केले, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. पाण्याची टाकी झाली तोवर त्याची मुलं फाउंड्रीत रेती कालवायला लागली होती आणि वस्ती रिकामी झाली होती. शिरोळच्या पाटलांकडून त्याला धान्य जायचं, ते त्यानं एकदाच घेतलं आणि पुढं नको म्हणून सांगितलं. खरं बोलण्याची किंमत त्यानं भरली आणि आमचं आभाळ मोकळं झालं. माझ्या नोकरीतल्या ज्या गोष्टी अजून टोचतात त्यांतली ही मोठी.

वर्ष सरलं. एका सकाळी मी हँगरचं दार उघडत होतो आणि मागून आवाज आला, "भाई."

शालनवयनी होत्या. सोबत आक्का.

"हितल्या इमानांचं कापड कोन शिवतं?"

"बेंगळूरला पाठवतो वयनी. खर्च लई, येळ लई."

"मी शिवीन," त्या म्हणाल्या.

क्लबच्या मंडळींत कुरबुर झाली. एक वकील म्हणाले, "निर्दोष आहेत मान्य, पण लोक काय म्हणतील? अपशकुनी वाटेल." कॅप्टनसाहेबांनी त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही उडता का वकीलसाहेब?" वकील उडत नव्हते. "मग मी उडतो. शिवू दे त्यांना."

वयनींनी क्लबच्या दोनपैकी पिवळ्या विमानाचे दोन्ही पंख नव्यानं शिवले. महिनाभर रोज येत होत्या. आक्का हँगरच्या दारात बसून दोऱ्याला मेण लावून द्यायची. मी तपासलं. सही करताना पेन क्षणभर थांबलं, ते खरं. शिलाईत काही चूक नव्हती, पण त्या दिवशीचा तो धप्प आवाज कानातून जात नव्हता.

चाचणीच्या सकाळी गारवा होता. आभाळ स्वच्छ. कॅप्टनसाहेब चालवायला बसले, मी शेजारी. विमान उठलं. मी समोर बघत नव्हतो, डाव्या पंखाकडं बघत होतो. वळण घेतलं तेव्हा कापड जरा थरारलं आणि मी सीटची कड घट्ट धरली. साहेबांनी ते ओळखलं असावं. त्यांनी मुद्दाम आणखी तीव्र वळण घेतलं, मग उजवीकडं, मग परत डावीकडं. कापड ताठ राहिलं. खाली पट्टीच्या कडेला दोन बायका उभ्या होत्या, एक वाकलेली, एक सरळ. दोघींच्या माना वर होत्या.

आम्ही उतरलो. इंजिन बंद केलं. साहेब खाली उतरून त्यांच्याकडं गेले, काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून तोंड उघडलं. पण शालनवयनी त्यांच्या बाजूनं निघून सरळ पंखापाशी आल्या. वाकून खालच्या बाजूनं एकेक फासळी चाचपत टोकापर्यंत गेल्या, मग परत आल्या आणि एका जागी थांबल्या.

"भाई," त्या मला म्हणाल्या, "ह्यो दोरा जरासा सैल पडलाय. उद्या उडवू नगासा. मी सकाळी यिऊन परत घालती."